मन बुडायला लागलं की देवाच्या आश्रयाला कसं जायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मी बनवलेले नाहीत. प्रार्थनेच्या ग्रुपमध्ये, फोनवर, रात्री उशिरा आलेल्या मेसेजमध्ये लोक फिरून फिरून हेच विचारतात, कधी एका ओळीत तर कधी दहा मिनिटांच्या व्हॉइस नोटमध्ये, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. उत्तरं बायबलमधली आहेत, थोडी अनुभवातली. मी पाळक नाही, मंडळीतली एक साधी विश्वासी आहे. तुमचा प्रश्न शोधा, तेवढंच वाचलं तरी चालेल, थकलेल्या माणसाला सगळं वाचवत नाही.

१. देवाच्या आश्रयाला जाणं म्हणजे नेमकं काय? प्रार्थना तर आम्ही रोज करतोच की.

रोजच्या प्रार्थनेत आपण बहुतेक वेळा यादी घेऊन जातो, हे दे, ते सांभाळ, याची नोकरी, तिची परीक्षा. त्यात चुकीचं काही नाही. पण आश्रयाला जाणं म्हणजे यादी राहू दे बाजूला आणि आपणच आत शिरायचं. बायबलमधल्या स्तोत्रांपैकी दावीद राजाचं ६१ वं स्तोत्र बघा, जेमतेम ८ वचनं आहेत, मन पार व्याकूळ झालेला माणूस बोलतोय आणि सुरुवातीला तो कुठलीच वस्तू मागत नाही, जागा मागतो. खडक, बुरूज, तंबू, पंखांखालचा आडोसा. आणि खडक कसला, तर त्याच्यापेक्षा उंच, एकट्याने चढता न येणारा, म्हणून तो म्हणतो मला तिथे घेऊन चल. स्वतः चढून जाण्याची ताकद त्याच्यात उरलेलीच नाहीये आणि तो ते लपवत नाही.

पावसात सापडलेला माणूस छताखाली धावतो तेव्हा आधी केस विंचरत बसतो का? तसंच आहे हे. आश्रयाला आवरून जायचं नसतं. खालच्या बऱ्याच उत्तरांत मी हेच वेगवेगळ्या बाजूंनी सांगणार आहे, कारण लोक अडकतात ते इथेच.

२. टेन्शन इतकं असतं की शब्दच सुचत नाहीत. काय बोलू?

तीन शब्द पुरतात. येशूचा शिष्य पेत्र पाण्यावर चालता चालता बुडायला लागला तेव्हा तो ओरडला, "प्रभू, मला वाचव!" बस. मत्तयाच्या १४ व्या अध्यायात आहे, आणि येशूने लगेच हात पुढे केला असं लिहिलंय, प्रस्तावना कुठे आहे असं विचारलं नाही. राजाच्या सेवेत असलेल्या नहेम्याने तर राजाने प्रश्न विचारला आणि त्याने उत्तर दिलं या दोन्हींच्या मधल्या क्षणात प्रार्थना केली, राजाला कळलंही नसेल.

आणि तीन शब्दही येत नसतील तर? मूल व्हावं म्हणून प्रार्थना करणाऱ्या हन्नाचे नुसते ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता, एली याजकाला वाटलं बाई प्यायलीये. प्रेषित पौल तर रोमकरांच्या पत्रात (८:२६) सरळ लिहितो की काय मागावं हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. म्हणजे तुमचं कण्हणं वाया जात नाहीये.

माझा अनुभव सांगते. घरचं माणूस आयसीयूमध्ये होतं तेव्हा बाहेरच्या खुर्चीवर बसून मी पूर्ण रात्र फक्त "प्रभू, प्रभू" एवढंच म्हणत होते, मध्येच गप्प, मध्येच परत तेच. तेव्हा वाटलं होतं आपण काही प्रार्थनाच केली नाही. आज मी ती रात्र माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात खऱ्या प्रार्थनांमध्ये धरते.

सोपा उपाय हवा असेल तर एकच छोटी ओळ धरा आणि श्वासाबरोबर म्हणा. श्वास घेताना "तू माझा आश्रय", सोडताना "मला धरून ठेव". पाच मिनिटं, घाई न करता.

३. कित्येक महिने प्रार्थना केली नाही, आता संकट आल्यावर देव आठवला. हे स्वार्थी नाही का? तो ऐकेल?

ऐकेल. १०७ वं स्तोत्र वाचा. चार प्रकारची संकटात सापडलेली माणसं आहेत त्यात, वाट चुकलेले, कैदेत पडलेले, आजारी, समुद्रात सापडलेले, आणि त्यातले दोन गट तर स्वतःच्याच बंडखोरीने, मूर्खपणाने तिथे पोचलेत. तरी चारही वेळा तीच ओळ येते, त्यांनी संकटात परमेश्वराला हाक मारली आणि त्याने त्यांना सोडवलं. आधी हजेरी तपासली असं एकदाही लिहिलेलं नाही. योना संदेष्टा तर देवापासून पळत होता आणि माशाच्या पोटातून केलेली त्याची प्रार्थना पूर्ण अध्यायभर लिहून ठेवलीये.

अपराधीपणाचं ओझं याहून मोठं असेल, म्हणजे काहीतरी खरंच वाईट करून बसला असाल, तर प्रश्न ११ बघा.

४. मला देवाचाच राग आलाय. असं प्रार्थनेत बोललं तर पाप लागेल का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक जण घाबरत घाबरत विचारतात, "कुणाला सांगू नका" म्हणून.

१५० स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त स्तोत्रं विलापाची मानली जातात. ही देवाच्या लोकांची प्रार्थनेची वही आहे आणि तिच्यात एवढं रडणं आहे! १३ व्या स्तोत्रात पहिल्या दोन वचनांत चार वेळा "किती काळ?" येतं. किती काळ मला विसरणार, किती काळ तोंड लपवणार. हे देवाला तोंडावर विचारलंय. ६ वचनांच्या त्या स्तोत्रात शेवटी सूर बदलतो, भरवसा येतो, पण तोपर्यंत प्रश्न विचारून झालेले असतात, कुणी ते खोडलेले नाहीत.

आणि ज्यांचा सूर बदलत नाही त्यांच्यासाठी ८८ वं आहे. ते अंधारातच संपतं. शेवटी ना आशा, ना स्तुती, माझे सोबती म्हणजे अंधार, आणि संपलं. मला आधी वाटायचं हे स्तोत्र अर्धवट राहिलंय की काय. आता वाटतं देवाने ते तसंच ठेवलं, कारण काही रात्री तशाच संपतात आणि त्या रात्रीही बोलायला काहीतरी लागतं. नीट बघितलं तर त्या माणसानेही सुरुवात "माझ्या उद्धारक देवा" अशीच केलीये, म्हणजे चिडून का होईना, तो दारात उभा आहे.

एकामागून एक संकटं कोसळलेल्या ईयोबाचंही तसंच. तो देवाशी भांडला, त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन छान छान बोलले, आणि शेवटी (४२:७) देव मित्रांना म्हणतो की माझा सेवक ईयोब जसं माझ्याविषयी बरोबर बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत.

५. मग तक्रार करणं आणि कुरकुर करणं यात फरक काय? वाळवंटात कुरकुर केली म्हणून इस्राएल लोकांना शिक्षा झाली ना?

फरक तोंड कुणाकडे आहे त्यात आहे. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात मोशे लोकांना म्हणतो, तुम्ही आपापल्या तंबूत बसून कुरकुर केलीत. देव आमचा द्वेष करतो, असं ते एकमेकांत बोलले, देवाशी नाही. स्तोत्रकर्ता त्याहून कडक बोलतो, पण ते देवाच्या समोर उभा राहून. साधी परीक्षा अशी की तुमच्या वाक्यात देव "तो" आहे की "तू" आहे ते बघा. "त्याने माझं वाटोळं केलं" असं मनात घोळत असेल तर तेच वाक्य "तू असं का होऊ दिलंस?" असं करून बघा. एवढ्याने दुखणं कमी होत नाही, पण बोलणं सुरू होतं.

६. प्रार्थना करूनही धडधड थांबत नाही, भीती जात नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?

पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत प्रार्थना करताना येशूची अवस्था काय होती? माझा जीव मरणप्राय खिन्न झालाय, असं तो स्वतः म्हणाला. तीन वेळा गेला आणि मत्तय सांगतो की तिसऱ्या वेळीही शब्द तेच होते. विश्वास असला की भीती वाटतच नाही असं असतं तर ही बाग बायबलमध्ये नसती.

५६ व्या स्तोत्रात दावीद म्हणतो, मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. "तेव्हा" म्हणतोय, भीती गेल्यावर नाही. फिलिप्पैकरांच्या पत्रातली शांती (४:७) आपल्या मनाचं "रक्षण" करते असं लिहिलंय, मूळ ग्रीक शब्द पहारा ठेवण्याचा आहे, सैनिक ठेवतात तसा. आता पहारा बसला म्हणजे बाहेरचा गोंधळ थांबला असं नसतं ना, गोंधळ चालू असतो म्हणून तर पहारा लागतो. आणि ज्या बापाने येशूला म्हटलं "मी विश्वास ठेवतो, माझ्या अविश्वासाला मदत कर" त्याचा मुलगा बरा झालाच, अर्ध्या विश्वासावर.

धडधड, घाम, श्वास कोंडणं असं वारंवार होत असेल तर ते शरीराचंही दुखणं असू शकतं, प्रश्न ८ वाचा.

७. इतकी प्रार्थना केली, उपास केला, तरी माणूस गेलं. मग देवाने ऐकलंच नाही ना?

याचं "का" माझ्याकडे नाही. "देवाला तुमच्या माणसाची जास्त गरज होती" असली वाक्यं मी कुणाला सांगत नाही आणि तुम्हाला कुणी सांगितली असतील तर ती खांद्यावर घेऊन फिरू नका.

एवढं नक्की की ज्यांचं ऐकलं गेलं नाही असं वाटावं त्यांच्या प्रार्थनाही बायबलने लपवल्या नाहीत. पौलाने शरीरातला काटा काढून टाक म्हणून तीनदा विनवलं, काटा राहिला, उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे आहे. येशूने दुःखाचा प्याला टळू दे म्हटलं, टळला नाही. मित्र लाजराच्या कबरेपाशी येशू रडला, आणि पुढच्या काही मिनिटांत तो लाजराला उठवणार होता हे त्याला माहीत होतं, तरी रडला. तुमच्या रडण्याला तो घाई करणार नाही.

आत्ता प्रार्थना नको वाटत असेल तर विलापगीताचा ३ रा अध्याय थोडा थोडा वाचा. दया रोज सकाळी नवी होते हे प्रसिद्ध वचन त्यातच आहे, पण ते पुस्तकाच्या मधोमध आहे, शेवटी नाही. पुढे परत रडणं आहे.

८. डॉक्टरकडे गेलो, डिप्रेशनच्या गोळ्या घेतल्या, कौन्सेलिंग घेतलं तर देवावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं का?

नाही होत. हिज्कीया राजा मरायला टेकला होता, त्याने भिंतीकडे तोंड करून रडत प्रार्थना केली, देवाने १५ वर्षं वाढवून दिली, आणि त्याच प्रसंगात यशया संदेष्ट्याने अंजिरांचा लेप गळवावर लावायला सांगितला. प्रार्थना आणि लेप एकाच पानावर आहेत (२ राजे २०). नहेम्यानेही शत्रू चालून येणार कळल्यावर प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा बसवला.

"विश्वास असेल तर गोळ्या बंद कर" असं कुणी सांगत असेल, मग तो कितीही मोठा सेवक असो, ऐकू नका. चालू असलेलं औषध मनाने अचानक थांबवलं तर त्रास वाढू शकतो. डॉक्टरशी बोलूनच काय ते ठरवा आणि त्या बोलण्याआधी प्रार्थना करा, दोन्ही करा.

९. मरून जावं असं वाटतं. हे देवाला सांगता येतं का?

येतं. एलीया संदेष्ट्याने सांगितलं, "पुरे झालं, माझा जीव घे." मोशेने सांगितलं, हे ओझं मला पेलत नाही, त्यापेक्षा मला मारून टाक. ही काही कच्ची माणसं नव्हती.

एलीयाला देवाने काय केलं ते सावकाश वाचा (१ राजे १९). रागावला नाही, उपदेश केला नाही. झुडपाखाली झोपू दिलं. देवदूताने हात लावून उठवलं, खायला भाकर, प्यायला पाणी. परत झोपू दिलं. परत उठवून खाऊ घातलं, कारण प्रवास तुला झेपणार नाही म्हणाला. बोलणं नंतर, ४० दिवस चालून होरेब डोंगराला पोचल्यावर, आणि तेही वाऱ्यात नाही, भूकंपात नाही, अग्नीत नाही, एका मंद आवाजात. आणि मग त्याला एकटं ठेवलं नाही, अलीशा या शिष्याची सोबत दिली.

आता माझं ऐका. असे विचार येत असतील तर देवाला सांगा आणि आजच एका माणसालाही सांगा, आवाज काढून, स्पष्ट शब्दांत, "मला मरावंसं वाटतंय, माझ्याजवळ बस" असं. ज्याने स्वतःला इजा होईल असं काही जवळ असेल ते दुसऱ्याच्या ताब्यात द्या. कुणी फोन उचलत नसेल तर तुमच्या भागातल्या हेल्पलाइनला लावा किंवा सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. त्या झुडपाखाली देवाने पाठवलेला दूत कधी कधी नर्सच्या कपड्यात असतो.

१०. रात्री ३ वाजता जाग येते आणि विचारांचं चक्र सुरू. तेव्हा काय करू?

७७ वं स्तोत्र याच वेळेचं आहे, तू माझ्या पापण्या मिटू देत नाहीस, मी इतका बेचैन आहे की बोलवत नाही. त्या माणसाने शेवटी एक केलं, देवाने आधी काय काय केलंय ते आठवत बसला. तुम्हीही एकच जुना प्रसंग धरा जेव्हा निभावलं होतं, आणि तोच बारीकसारीक तपशिलासकट देवाला परत सांगा. मोबाईल हातात घेऊ नका. फार घोंघावत असेल तर कागदावर उतरवा आणि कागद बायबलखाली ठेवून द्या. हिज्कीयानेही धमकीचं पत्र आलं तेव्हा ते मंदिरात नेऊन परमेश्वरापुढे उलगडून ठेवलं होतं.

११. संकट माझ्याच चुकीमुळे आलंय. कोणत्या तोंडाने आश्रय मागू?

त्याच तोंडाने. आदामाने चूक केली आणि तो देवापासून झाडांमागे लपला. दावीदाने त्याहून भयानक केलं, दुसऱ्याची बायको घेतली, तिच्या नवऱ्याला युद्धात मरायला पाठवलं, आणि शेवटी कबुली दिली. ३२ व्या स्तोत्रात तो सांगतो, गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली, पाप कबूल केलं तेव्हा क्षमा मिळाली, आणि मग लगेच देवाला म्हणतो, तू माझी लपायची जागा आहेस. ज्याच्यापासून लपायचं त्याच्याचमध्ये लपायचं, हे मला अजूनही वाचताना थांबवतं.

पण हेही सांगायला हवं की क्षमा म्हणजे परिणाम पुसले असं नाही. पैसे खाल्ले असतील तर परत करावे लागतील, जकातदार जक्कयाने चौपट देईन म्हटलं. कुणाला दुखावलं असेल तर त्याची माफी मागायची, आणि त्याने लगेच माफ करावं अशी अपेक्षा न ठेवता.

१२. घरात मारहाण होते, छळ होतो. प्रार्थना करत सहन करत राहणं हाच देवाचा आश्रय ना?

नाही! शौल राजा मारायला उठला तेव्हा दावीद काय करत बसला? बायको मीखलने त्याला खिडकीतून खाली उतरवलं आणि तो पळाला. ५७ वं आणि १४२ वं स्तोत्र गुहेतलं आहे असं त्या स्तोत्रांच्या वरतीच लिहिलेलं आहे, म्हणजे आधी तो तिथून निघाला आणि मग गुहेत बसून "तू माझा आश्रय" म्हणाला. पौलालाही शिष्यांनी टोपलीतून भिंतीवरून खाली सोडलं. जीवाला धोका आहे तिथून बाहेर पडणं हा आश्रयाचाच भाग आहे. विश्वासू माणसाला सांगा, सुरक्षित जागी जा, पोलिसांची मदत लागली तर घ्या. आणि कुणी वचन दाखवून परत त्याच घरात ढकलत असेल तर त्याला दावीदाची खिडकी दाखवा.

१३. त्रास देणाऱ्याचं वाईट व्हावं असं प्रार्थनेत तोंडातून निघून जातं. काय करू?

निघू दे. १०९ वं स्तोत्र वाचलंत तर तुमची प्रार्थना सौम्य वाटेल. ते विष देवापुढे ओतलं की हातात उरत नाही, दावीदाला शौल गुहेत एकटा सापडला तरी त्याने फक्त झग्याचं टोक कापलं, आणि त्याचंही त्याला वाईट वाटलं. शत्रूसाठी प्रार्थना करा असं येशू म्हणाला तिथपर्यंत पोचायला वेळ लागतो, लागू दे.

१४. गुडघे टेकूनच करायची का? किती वेळ? उपास आवश्यक आहे का?

हिज्कीयाने पलंगावर पडून केली, दावीदाने परमेश्वरापुढे बसून, योनाने माशाच्या पोटात. वेळेचा नियम नाही, येशूने तर शब्दांची भरताड नको म्हणून सांगितलं. उपास चांगला आहे पण आजारी असाल, गोळ्या चालू असतील, आधीच जेवण जात नसेल तर करू नका. एलीयाला देवाने खाऊ घातलं होतं.

१५. माझ्या जवळच्या माणसाला प्रार्थनाच करवत नाही. मी काय करू शकते?

त्या माणसाच्या वाटणीची तुम्ही करा. मार्क २ मध्ये चौघांनी पक्षाघाती माणसाला उचलून आणलं, दारातून जागा नव्हती तर छप्पर उकललं, आणि येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला असं लिहिलंय. खाटेवरच्याने एक शब्दही बोलल्याचं त्याआधी कुठे नाही. लढाई चालू असताना वर धरलेले मोशेचे हात दुखायला लागले तेव्हा अहरोन आणि हूर दोन बाजूंनी धरून उभे राहिले, सूर्य मावळेपर्यंत.

आणि बोलायचं कमी. ईयोबाच्या मित्रांनी सगळ्यात चांगलं काय केलं असेल तर सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तोंड उघडलं आणि बिघडलं सगळं. "प्रार्थना करतेय" असा मेसेज टाकायच्या आधी खरंच दोन मिनिटं करा, आणि मेसेजमध्ये "उत्तर नाही दिलंस तरी चालेल" हे लिहा, त्याने समोरच्याला फार हलकं वाटतं.

१६. संकट टळलं, सगळं ठीक आहे, पण आता प्रार्थनाच होत नाही. आतून रिकामं वाटतंय.

हे विचारायला लोक लाजतात, पण खूप जणांचं होतं. कित्येक दिवस जीव मुठीत धरून काढल्यावर शरीर आणि मन दोन्ही ढेपाळतं. आधी झोपा, जेवा, ते पहिलं. कर्मेल डोंगरावर बआलाच्या संदेष्ट्यांवर एवढा मोठा विजय झाल्यावरच एलीया त्या झुडपाखाली गेला होता हे विसरू नका (प्रश्न ९).

मग छोटं काहीतरी ठरवा. ६१ व्या स्तोत्राच्या शेवटच्या वचनात दावीद म्हणतो की मी माझे नवस दररोज फेडत राहीन. दररोज, म्हणजे एकदम नाही, हप्त्याहप्त्याने. संकटात जी एक ओळ तुम्ही म्हणत होतात तीच सकाळी उठल्यावर एकदा म्हणा, आता मागण्यासाठी नाही तर ओळख राहावी म्हणून. माझी अजून तीच आहे, "प्रभू, प्रभू". आयसीयूच्या बाहेरची ती खुर्ची आठवते आणि पुढचं काही बोलायचं राहून जातं.